आनंदाबाईच्या वळणावर विझणारे दिवे

पिपरीतल्या मारुतीच्या पारासमोर त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओळीनं सहा स्कूटर उभ्या, प्रत्येकीच्या हँडलला लिंबू-मिरच्या आणि पुढ्यात भस्म फासलेले ज्योतिबाबा. आनंदाबाईच्या दारातल्या वळणावर या गाड्यांचे दिवे विझत आणि घर मागे पडलं की आपोआप पेटत. महिनाभर हेच चाललं होतं. परवा तर वासुदेवराव मास्तर तिथं अंधारात गाडीसकट नालीत पडले आणि त्यांचा हात मोडला. बाबांचं निदान असं, की एकट्या विधवेच्या नजरेचा करंट उलटा असतो आणि तो थेट बल्बात शिरतो. बाई आठ दिवसांत गाव सोडून गेली, तरच उतारा. उलटा करंट म्हणजे काय, हे विचारायची बुद्धी कोणाला झाली नाही.

मागे उभ्या गजेंद्र मिस्त्रीला घाम फुटला होता. सहाही गाड्यांचं वायरिंग त्यानंच बदललं होतं आणि वायर वाचवायला हँडलमधल्या तारा वीतभर आखूड कापल्या होत्या. हँडल पुरतं डावीकडं वळलं की तार ताणली जाऊन जोड सुटायचा. सरळ झालं की पुन्हा टेकायचा. तेवढं अवघड डावं वळण गावात एकच होतं. एक गाडी खोलताना पंधरा दिवसांपूर्वीच त्याला हे कळलं होतं. पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो मूग गिळून बसला.

त्याच दुपारी आनंदाबाई त्याच्या दुकानात आली होती.

"बाबू, गाडीचा आवाज आला का मी भिंतीकडं तोंड करून बसतो. तरी दिवे जातेच. मायी नजर एवढी वाईट हाय का? मास्तराचा हात मायामुळंच मोडला."

त्याला तिच्याकडं बघवलं नाही. तो नुसता पाना पुसत राहिला होता.

आता मात्र तो गर्दीतून पुढे घुसला. दैवी कामात हात घालू नको, असं बाबांनी दटावलं. त्यानं पहिल्या स्कूटरला किक मारली आणि हँडल डावीकडं वळवलं. दिवा गेला. सरळ केलं, दिवा आला. दुसऱ्या गाडीचंही तेच, तिसरीचंही. आनंदाबाईचं घर तर तिथून तीन गल्ल्या लांब. मग त्यानं दिवा खोलून ताणलेली तार सगळ्यांना दाखवली.

"नजर नाई, चूक मायी हाय. तार म्या आखूड कापली. मास्तरांचा हात मायामुळं मोडला. अन् हे मले पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं."

त्या बाईनं मिस्त्रीलाही भारलं, असं बाबा म्हणू लागले. गळ्यात हात बांधलेल्या मास्तरांनी शांतपणे एक तार सुटी केली आणि आता लिंबानं दिवा लावून दाखवा, असं बाबांना म्हटलं. बाबांना एकदम वर्ध्याच्या बसची आठवण झाली.

गजेंद्रनं तिथंच बसून सगळ्या गाड्यांत लांब तारा घातल्या. मग आनंदाबाईच्या दारी जाऊन तिच्या पाया पडला.

ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुले ठाऊक होतं, तं इतके दिवस काऊन बोलला नाई?"

दिवा विझला तर आधी तार तपासा, एवढी अक्कल आपल्या सगळ्यांना हवीच. पण बिघाड सापडला की त्याच दिवशी चारचौघांत सांगा, मग तो आपल्या हातचा का असेना. आपण गप्प बसतो तेवढे दिवस त्याची शिक्षा दुसरंच कोणी भोगत असतं.