सालवेत्तीची रांग

ब्रुनो सालवेत्तीसमोर कुणीच उभं नव्हतं.

२००७ सालची गोष्ट. हॉस्पिटलमधल्या मुलांच्या वॉर्डला मदत म्हणून आमच्या मराठी मंडळाने लंडनच्या क्रॉयडन भागात एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. सह्या द्यायला तीन निवृत्त फुटबॉलपटू आले होते. दोघे इंग्लिश, गोल मारून नाव कमावलेले. त्यांच्या रांगा दाराबाहेर. तिसरा हा इटालियन डिफेंडर. जन्मभर दुसऱ्यांचे गोल अडवले, त्याची सही कोणाला हवी? बिचारा पेनचं टोपण काढत होता, लावत होता.

हवी होती ती आमच्या उर्वीला. तेरा वर्षांची, क्लबकडून डिफेन्सला खेळणारी. कोचने बजावलं होतं, पुढे ये आणि गोल मार, नाहीतर टीम सोड, सोमवारी सांग. तिला सालवेत्तीला एकच विचारायचं होतं: कुणी कौतुक करत नसताना इतकी वर्षं मागे कसे टिकलात?

"आई, त्याचा लाइन एम्प्टी आहे. मी जाऊ नाऊ?"

ती निघालीसुद्धा. तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा नवरा विनय, आडवा आला.

"थांब. अध्यक्षाची मुलगी पहिली घुसली तर लोक काय म्हणतील? घरचे शेवटी."

"अरे, पण लोक आहेत कुठे?" मी म्हटलं.

"आणतो ना! पाहुणा असा एकटा बसलाय, लाज वाटते मला."

आणि खरंच आणले. वडे तळणाऱ्या सुलक्षणाकाकू, पेटीवाले उदयराव, त्यांचे मेहुणे, सगळ्यांना हाताला धरून रांगेत उभं केलं.

"कोण रे हा?" काकूंनी विचारलं.

"मोठा माणूस आहे, काकू. फोटो काढून घ्या."

सालवेत्तीचा चेहरा असा खुलला! तो प्रत्येकासाठी उठून उभा राहू लागला, घरची चौकशी करू लागला. रांग हलेना. त्याला न्यायला टॅक्सी कधीही येणार होती.

"विनय, तिला पुढे घे."

"दोन मिनिटं गं! मध्येच घुसवलं तर वाईट दिसेल."

माझं डोकं फिरलं. मी उर्वीला पुढे ओढलं, तर तिनेच हात सोडवून घेतला. "बाबा सेड लास्ट."

तिच्यापुढे दोघंच उरले होते आणि टॅक्सी आली. सालवेत्तीने विनयचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते त्याचे. माझ्यासाठी एवढी रांग या देशात कधीच लागली नव्हती, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि सगळ्यांना हात हलवून निघून गेला.

"बघ, किती खूश होऊन गेला माणूस!" विनय म्हणाला.

"बाबा," उर्वीने विचारलं, "त्यांच्यात कुणाला त्याचा नाव माहीत होता?"

विनय खुर्च्या आवरायला लागला.

सोमवारी तिने कोचला होकार दिला. पुढच्याच मॅचला गोल मारला. विनय आनंदाने नाचला. उर्वी हसलीसुद्धा नाही, आणि मला तिथेच रडू फुटलं.