लप्पम भरलेला दगड

माझं डोकं आधीच तापट. त्यात त्या सोमवारी येलहंक्याच्या प्रयोगशाळेचा कागद हातात पडला: दगडात पोकळ जागा दोन टक्के. दोन! मी माझ्या अहवालात अठरा लिहिली होती.

साल शहाण्णव. जयनगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत वायूच्या विहिरींचा अभ्यास चाले. समुद्राच्या तळाखालून काढलेला चुनखडीचा हातभर दांडा आमच्याकडे आला होता, कोट्यवधी वर्षांपूर्वी प्रवाळांनी रचलेला. लोकांना वाटतं, खाली वायूचं तळं असतं. तळं कसलं डोंबलाचं! वायू राहतो दगडाच्या भोकांत. भोकं एकमेकांना जोडलेली असली तर विहीर वाहते, नाहीतर खणून हात हलवत परत यायचं. या दांड्यात करंगळी जाईल अशी भोकं मी स्वतः पाहिली होती. त्यांच्याच जोरावर दुसरी विहीर इथेच घ्या, असं लिहून सही ठोकली होती. चार वर्षांचं काम होतं ते.

"प्रमोदिनी मॅडम, तुमचा अंदाज चुकला," आमचे साहेब विलास म्हणाले. "बुधवारी मानसिंगसाहेब येतायत. त्याआधी आकडा बदला आणि विहीर नको असं लिहून टाका."

मानसिंग म्हणजे मुंबईच्या वायू कंपनीचे अधिकारी. विहिरीचा निर्णय त्यांच्या हातात.

मी तडक कपाटाकडे गेले. दांडा नव्या ओट्यासारखा चकाकत होता. एकही भोक दिसेना.

"हे काय केलंत?"

"भोकं लप्पमच्या लगद्यानं बुजवून पॉलिश करून आणला. साहेबांपुढे असला किडका दगड ठेवायचा का? मग त्यातलाच एक तुकडा तपासणीला पाठवला."

"अहो, अकलेचं दिवाळं निघालंय का? ती भोकं म्हणजेच सगळं होतं! तुम्ही ती बुजवलीत आणि वर मलाच सांगताय की भोकं नाहीत!"

"ओरडू नका मॅडम, ऑफिस आहे."

ऑफिस गेलं खड्ड्यात, असं मी म्हणाले आणि रिक्षा पकडून जे. पी. नगरला पोचले. दांडा पॉलिश करणारा नागनाथ तिथे ओट्यांचे दगड घासायचा; आपल्याच मराठी लोकांतला, तीन पिढ्या या कानडी मुलखात काढलेला. दांड्याचं नाव काढून मी त्याला झाडणार, तर तोच आधी सुरू झाला.

"अक्का, तो दगड तुमचा होय? अय्यो, काय छळलं त्यानं! स्वल्प लप्पम लागेल म्हटलं, तर डबाभर प्याला की! या बाजूनं दाबलं की त्या बाजूनं बाहेर. शेवटी मागनं पट्टी चिकटवून भरलं बघा."

माझा राग क्षणभर गळालाच. "पुन्हा सांग. या बाजूनं घातलं ते त्या बाजूनं आलं?"

"मग काय तर! आत सगळी वाटच वाट."

"नागनाथ, हेच मी घसा फोडून सांगतेय! बुधवारी ऑफिसात येऊन हे सांगशील?"

"सरी अक्का, येतो की."

बुधवारी मानसिंगसाहेबांनी दांडा हातात घेतला मात्र, विलास घाईघाईने इंग्रजीत म्हणाले, "या कारागिराच्या चुकीमुळे नमुना जरा खराब झाला." बोट नागनाथाकडे. त्याला बिचाऱ्याला इंग्रजी कुठलं कळायला? आपली ओळख करून देताहेत असं वाटून त्याने हसून हात जोडले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ हिंदीत बोलले, त्यालाही कळावं म्हणून. "चूक त्याची नाही. त्याला सांगितलं ते त्याने चोख केलं. दगड मला न विचारता बाहेर पाठवला तो विलाससाहेबांनी. दोन टक्के हा लप्पमचा आकडा आहे, दगडाचा नव्हे. आत काय होतं, ते यालाच विचारा."

नागनाथाने मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. मानसिंगसाहेबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग त्यांनी प्रयोगशाळेचा कागद बाजूला सारला. "अठराच राहू द्या. विहीर घेऊ."

विलास लगेच उठून माझ्यापुढे आले. "मॅडम, सॉरी हं. जरा गैरसमज झाला."

नागनाथ अजून त्या दांड्याकडेच बघत होता. "अक्का, भोकंच पाहिजेत असं कुणी सांगितलं असतं, तर मी हातसुद्धा लावला नसता. आता ते निघायचं नाही."

"माझी माफी नको," मी विलासना म्हटलं. "त्याची मागा. इथेच, साहेबांसमोर, आणि मराठीत."

विलासनी मागितली.