घरात बोलायची भाषा

नारायणस्वामींनी आवाज वाढवला आणि गेटावरच्या कॅमेऱ्यातलं कालचं चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या त्या वसाहतीचे ते अध्यक्ष. सकाळीच त्यांनी सगळ्यांना कचेरीत गोळा केलं होतं.

महिनाभर पोरांनी नुसता उच्छाद मांडला होता. दिवे फोड, पाण्याच्या टाकीत चिखल टाक. काल मात्र कहर केला. गेटापाशी आडवी दोरी बांधली आणि सायकलवरून येणारे वॉचमन, पोरांचे 'ताता' म्हणजे आजोबा, तोंडावर आपटले. सत्तरीचा माणूस, आता खुबा मोडून इस्पितळात पडलाय.

पडद्यावर तोंडाला रुमाल बांधलेली चार पोरं दिसली. सायकल कोसळली, आणि त्यातला एक जण घाबरून ओरडला,

"अगे माये, पडलं की!"

सरोजाबाईंनी हातातली कॉफी खाली ठेवली. हातून भांडं सुटलं की त्या स्वतः हेच म्हणत, अगदी याच सुरात. तंजावरची ही मराठी अख्ख्या वसाहतीत फक्त त्यांच्याच घरात होती. नातवाला, रणवीरला, त्या रोज टोकायच्या, "घरात तरी मराठी बोल रे बाबा." पोरगा तमिळमध्ये उत्तर देऊन मोकळा व्हायचा. आणि शेवटी बोलला तो असा!

"हे तमिळ नाही," नारायणस्वामी म्हणाले. "तेलुगू असणार. म्हणजे रघुरामचा मुरली."

रघुराम दाराशीच उभा होता. मागे एकदा मुरलीला दिवा फोडताना पकडलं होतं, तेव्हापासून बापाची मान खालीच असायची.

"हे तेलुगू नाही, सार. मुरली काल घरीच होता."

"बाप दुसरं काय म्हणणार? टीचरना विचारू. त्यांना चार भाषा येतात."

सगळे सरोजाबाईंकडे वळले. जन्मभर शाळेत शिकवलं, कधी कुणा लेकरावर खोटा आळ येऊ दिला नाही. पण आज आपलेच दात नि आपलेच ओठ. खरं बोलावं तर रणवीरच्या दारात पोलीस, तेही बारावीच्या वर्षात. रघुराम मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होता. तेच त्यांना सोसवेना.

"परत लावू का, टीचर?"

"नको," त्या म्हणाल्या. "तेलुगूच वाटतंय."

रघुराम दारातून बाजूला झाला. कपाळाला हात लावून तो पायरीवर बसला. त्याच्या बाजूने जाताना सरोजाबाईंना स्वतःची शरम वाटली, तरी त्या थांबल्या नाहीत.

घरी रणवीर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यांची चाहूल लागताच उठून बसला. डोळे रडून सुजले होते.

खाली पोलिसांची जीप थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मुरलीच्या आईचं रडणं वर आलं. घरात उकाड्याने जीव नकोसा झाला होता, तरी सरोजाबाईंनी खिडकी लावून घेतली.

"आजी," रणवीर म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. ताता पडले ना, ते..."

मराठीत बोलत होता. एकही तमिळ शब्द न घालता, कुठेही न अडखळता. वर्षानुवर्षं याचीच तर वाट पाहिली होती.

सरोजाबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"तमिळमध्ये सांग," त्या तमिळमध्येच म्हणाल्या. "यापुढे घरात तमिळच बोलायचं."