डावा कान

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी आमच्याकडे धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जायचं, त्यांच्या हातावर ओठ टेकायचे आणि माफी मागायची. कशाची, ते सांगायची पद्धत नाही. थोरल्याने म्हणायचं, "माझ्याकडून माफ, देवाकडूनही माफ," आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं. मोठी सोयीची पद्धत आहे. बावन्न वर्षं मी तिच्या आडोशाने जगले.

यंदाही बेरोवोहून बस पकडून गावी गेले. पिशवीत संत्री आणि तिळाचा हलवा. आलुबुखाराच्या बागांत सावलीच्या बाजूला बर्फ अजून होता, रस्त्यावर मात्र घोट्याएवढा चिखल. मेंढ्या नुकत्या व्यालेल्या, त्यामुळे अख्ख्या गावाला दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास. या वासाने लोक हळवे होतात म्हणे. मी नाकाला रुमाल लावते.

मी नऊ वर्षांची होते, माझा भाऊ ग्लिगोर पंधराचा. दिवस हेच. काळ्या गुडघ्यांचं एक कोकरू मला फार आवडायचं. त्या संध्याकाळी ग्लिगोरने मेंढवाड्याची आगळ घातली, मेंढ्या मोजल्या आणि तो आत आला. मी नंतर चोरून गेले, कोकराला कोटात घेऊन बसले, आणि आईची हाक आली तशी धावत सुटले. आगळ घालायची राहिली. सकाळी बर्फावर लांडग्यांच्या पावलांचे ठसे होते. चौदा कोकरं आणि तीन मेंढ्या गेल्या होत्या.

बाबांनी काही विचारलं नाही. उघड्या हाताने ग्लिगोरच्या डाव्या कानावर मारलं. "मी घातली होती आगळ," तो म्हणाला. बाबांनी पुन्हा मारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मारल्यावर त्याने म्हणणं सोडलं. कानातून रक्त येत होतं. मी दारात पाव खात उभी होते आणि मी अवाक्षर काढलं नाही. पाव मात्र संपवला, तेही मला आठवतं.

त्या कानाने त्याला ऐकू येणं बंद झालं. हिवाळ्यात गुरुजी स्वतः घरी येऊन सांगून गेले होते, की या मुलाला श्टिपच्या शाळेत पाठवा, तो मास्तर होईल. बाबा म्हणाले, ज्याला एक आगळ सांभाळता येत नाही, तो पुस्तकं काय सांभाळणार. ग्लिगोर मेंढ्यांमागे गेला तो कायमचा. घरातल्या एकाच पोराला शिकवणं परवडणार होतं, म्हणून सहा वर्षांनी त्या शाळेत मी गेले. मास्तरीण झाले, पेन्शनीत निघाले.

पुढच्या वर्षीच्या रविवारी ग्लिगोरने बाबांच्या हातावर ओठ टेकले. बाबा म्हणाले, "देवाकडून माफ." आणि थांबले. आई चुलीवरच्या भांड्यात बघत राहिली. मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, बाबांनी त्याला दरवेळी तेवढंच दिलं. आणि तेव्हापासून ग्लिगोर रोज दिवेलागणीला उठतो, वाड्याशी जातो आणि आगळ तीनदा हलवून बघतो. गावातली पोरं त्याची नक्कल करायची. माझ्या वर्गातलीसुद्धा.

त्याच रविवारी मीही माझी युक्ती शोधून काढली. ग्लिगोरच्या डाव्या बाजूला बसले, हातावर ओठ टेकले, मोठ्याने म्हटलं, "दादा, माफ कर." मग त्या कानाजवळ तोंड नेऊन हळूच म्हटलं, "आगळ मी काढली होती." त्याला अर्थातच काही कळलं नाही. "माझ्याकडून माफ, देवाकडूनही माफ," तो म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं, की मी दोनदा वाढून घेतलं. तेव्हापासून दरवर्षी मी हेच करत आले. खरं सांगितलं हेही खरं, आणि माफी मिळाली हेही खरं. माझ्याच पापाने बहिऱ्या झालेल्या कानात मी पाप कबूल करत होते. याला काय म्हणायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

यंदा घरात शिरले तेव्हा त्याची सून स्लावका लाटण्याला दोरा बांधत होती. दोऱ्याच्या टोकाला सोललेलं उकडलेलं अंडं. ते गोल फिरवायचं आणि हात न लावता तोंडाने पकडायचं. उद्यापासून सात आठवडे अंडं बंद. दोघी नाती आत्तापासूनच तोंडं वासून बसल्या होत्या. ग्लिगोर शेगडीशी, लोकरीची टोपी कानांवर ओढून. डावीकडे स्लावकाच्या हातून पळी पडली तर तो चटकन वळला. मी पाहिलं, पण मनात काही आलं नाही.

मी शेजारी बसले, त्याच्या हातावर ओठ टेकले. "दादा, माफ कर." मग नेहमीसारखं, हळूच, "आगळ मी काढली होती."

तो माझ्याकडे वळला. मग त्याने टोपी काढली. कानामागे घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटवलेलं होतं.

स्लावका हसली. "आत्या, सांगायचंच राहिलं की. मागच्या आठवड्यात श्टिपला नेऊन मशीन बसवलं. डॉक्टर म्हणाले, थोडा कान शिल्लक आहे. आता यांच्यासमोर कुणाची निंदा करायची सोय नाही."

"परत बोल," ग्लिगोर मला म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं. हलवा आणलाय म्हणाले, असं सांगता आलं असतं. पण त्याचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी परत बोलले, या वेळी मोठ्याने.

"मला वाटायचं, मीच विसरलो," तो म्हणाला. "सुरुवातीला आठवायचं, की घातली होती. मग आठवेनासं झालं. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं, चूक माझीच होती."

"दादा, मी लहान होते."

"पुढच्या वर्षी लहान होतीस. त्याच्या पुढच्या वर्षीही असशील." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मास्तरीण झालीस तेव्हा लहान नव्हतीस, दोन्के."

मला रडू आलं, आणि रडायची लाज वाटली. अंडं दोऱ्यावर स्वतःभोवती फिरत होतं. ग्लिगोरने माझा हात हातात घेतला. त्याचा तळवा पूर्वीसारखाच खरखरीत, गरम.

"देवाकडून माफ," तो म्हणाला.

मी वाट पाहत राहिले. त्याने कानामागचं मशीन काढलं, बंडीच्या खिशात ठेवलं आणि पोरींना म्हणाला, चला, फिरवा अंडं. धाकटीने दुसऱ्याच फेरीत पकडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

दिवे लागले. स्लावकाने सवयीने त्याचा कंदील पुढे केला आणि उजव्या कानाशी येऊन म्हणाली, "मामंजी, आगळ बघायची ना?"

"मी घातली होती," ग्लिगोर म्हणाला आणि हलव्याचा तुकडा मोडला. तो उठला नाही.

शेवटच्या बसला वेळ होता, तरी मी निघाले. कुणी थांब म्हणालं नाही. वाटेत वाडा लागतो. आत कोकरं आयांना ढुशा देत होती. आगळ जागेवर होती. मी ती हलवून पाहिली, चार पावलं पुढे गेले, आणि पुन्हा हलवून पाहायला मागे आले.