डोळ्यांखालचा रंग

डावा डोळा

"साहेब फारच टवटवीत दिसतायत हो," साहेबांचा सल्लागार मेकअपवालीच्या कानाशी कुजबुजला. "असे पडद्यावर गेले तर लोक दगड घेऊन येतील. जरा जागरणं दाखवा."

खुर्चीतले साहेब म्हणजे बुडालेल्या वित्त कंपनीचे अध्यक्ष. गळ्याला टॉवेल, मिटलेले डोळे, तुकतुकीत गाल.

"हलक्या हाताने हं, ताई. मला गुदगुल्या होतात."

तिच्या वडिलांची जन्माची पुंजी याच कंपनीत गेली होती. स्टुडिओत हे कुणाला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर पुंजीमागोमाग नोकरीही गेली असती. तिने हात हलका केला.

उजवा डोळा

कुणी म्हणेल, रंग फासायचा होता ओबडधोबड, जगाला कळलं असतं! पण हात कसला ऐकतो? ब्रश धरला की त्याला वाईट काम जमतच नाही.

जागरण दोन्ही डोळ्यांखाली सारखं उतरत नाही. ज्या कुशीवर माणूस तळमळतो, तिकडचं जास्त सुजतं. आधी करडा, वर किंचित जांभळा, कोपऱ्यात पिवळट. नमुन्याची गरज नव्हती. नमुना रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पीत होता.

साहेबांनी आरशात पाहिलं. "बापरे! आता मलाच माझी दया येतेय."

दोन्ही डोळे

उद्या सगळ्या ठेवीदारांची एकत्र तक्रार जाणार होती. वडील कधीपासून टाळत होते. तिने हात जोडले, भांडली, अबोला धरला. आज सकाळी कुठे "करतो गं बाई सही" म्हणून त्यांनी पेन खिशाला लावलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टीव्हीत साहेब सांगत होते, "जबाबदारी माझी आहे." कशाची, ते सांगत नव्हते.

"काय दशा झालीय बघ माणसाची," वडील म्हणाले. "बुडवणारा असा दिसतो होय?"

"बाबा, तिथे सगळ्यांना रंग लावतात."

"गोरं दिसायला लावतात. स्वतःचं तोंड कोण काळं करून घेईल? आणि जागरण मला ओळखू येत नाही? रोज आरशात बघतो मी."

तो रंग मी लावला. एवढंच म्हणायचं होतं.

वडिलांनी खिशातलं पेन काढून खणात टाकलं. "पडलेल्याला आपण कशाला आणखी लाथ मारायची? जाऊ दे."

त्यांचे डोळे पाणावले होते. तिने बॅगेतला कापूस काढला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याखालून फिरवला. रंग पुसायच्या सवयीने जरा जोरातच.

"अगं, दुखतंय."

तिने कापूस दिव्यापाशी नेऊन पाहिला. ओला होता. पांढराच होता.