पाहुण्याची खुर्ची

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण सही-शिक्क्यानिशी केलेली ही एकच.

मेकनेस शहराच्या जुन्या बाजारात लल्ला झहूर या बाईंचं लग्नाच्या काफ्तानांचं, म्हणजे नवरीच्या लांब झग्यांचं, दुकान आहे आणि मी कामगार खात्याचा निरीक्षक. मार्चमध्ये तपासणीला गेलो, तर त्यांनी मखमली खुर्ची पुढे ओढली, पुदिन्याचा चहा दिला, आणि त्याच खुर्चीत बसून मी लिहिलं, ‘कामगाराला बसायची सोय आहे.’ कायदा तेवढंच मागतो. खुर्ची हवी आणि कामगाराला तिच्यावर बसू द्यायला हवं.

जूनमध्ये निनावी पत्र आलं. ‘साहेब, तुम्ही गेलात आणि खुर्ची पडद्यामागे गेली. मला सातवा महिना आहे. डॉक्टर म्हणतात, अशीच दिवसभर उभी राहिलीस तर मूल वेळेआधी येईल. काम मला सोडायचं नाही.’ दुकानात कामाला बाई एकच, गिझलान. नाव न लिहून काय लपणार, हे त्या भाबडीला सुचलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. पत्राबद्दल अर्थात चकार शब्द काढला नाही.

“या, बुअज्जासाहेब, बसा,” लल्ला म्हणाल्या. पडद्यामागून खुर्ची आली.

“नेहमीची तपासणी आहे. उभ्यानेच करतो.”

“माझ्या दुकानात पाहुणा उभा? शेजारीपाजारी तोंडात शेण घालतील माझ्या.”

“खुर्ची कामगाराची आहे ना? मग तिला बसू द्या.”

“मी कुठे नको म्हणते? तीच बसत नाही. हो ना गं?”

“हो, लल्ला,” गिझलान म्हणाली. मालकिणीपुढे दुसरं काय बोलणार बिचारी?

“आणि खरं सांगू का, बसलेली मुलगी दिसली की गिऱ्हाईकाला वाटतं दुकान आळशी आहे. मी चाळीस वर्षं इथे उभी राहिले. तीन पोरं पोटात घेऊन उभी राहिले.”

“म्हणून तर गुडघे गेले.”

“माझ्या गुडघ्यांचं नाव काढायचं नाही.”

पाहुणा उभा असताना यजमानाने बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि एकेक पान वाचत बसलो, म्हणजे उभाच राहिलो. मग सुट्ट्या. मग विम्याचे कागद. दुष्टपणा होता, कबूल करतो. माझीही कंबर धरली होती. गिझलानला मी दोनदा बस म्हटलं. दोन्ही वेळा तिने मालकिणीकडे पाहिलं आणि ती उभीच राहिली. लल्ला काउंटरला धरून माझ्याकडे असं बघत होत्या, की चहात मीठ घालावं की काय याचा विचार चालला असावा.

वीस मिनिटांनी त्या खुर्चीत कोसळल्या.

“जिंकलात. आता तरी समाधान?”

गिझलान पाणी घेऊन धावली. लल्लांची चप्पल सैल करायला ती खाली वाकू लागली, पण पोटामुळे अर्ध्यातच अडकली. लल्लांची नजर तिच्या पायांवर गेली. घोटे कुठे आहेत ते कळत नव्हतं.

“हे कधीपासून गं?”

“महिना झाला.”

“तोंड शिवलं होतं का तुझं?”

“तुम्ही तिघांना पोटात घेऊन उभ्या राहिलात, लल्ला. मी एकालाच घेऊन कशी बसू?”

लल्लांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. मग हळू म्हणाल्या, “चार. मी तीनच सांगते. चौथी सातव्यात, इथेच, या काउंटरमागे गेली.”

मी पुस्तक मिटलं.

त्या उठल्या. गिझलानच्या दंडाला धरून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. तेवढ्यात नवऱ्या मुलीला घेऊन एक बाई दुकानात शिरल्या आणि सवयीने गिझलान उठू लागली. लल्लांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईंनी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. भुवया चढल्या.

“ती बसलेलीच राहील,” लल्ला म्हणाल्या. “मापं मी घेते. चालत असेल तर या.”

आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर, फीत घेऊन त्या पुढे झाल्या.