पेच अर्धा आटा सैल

मार्गशीर्षातली सकाळ खाडीवर उतरली होती. पाणी पारव्याच्या गळ्यासारखं, निळंजांभळं, लवलवतं. कांदळवनाच्या माथ्यावर कोवळं, केशरकांत ऊन, आणि धक्क्यालगतच्या पंपशाळेत डिझेलचा उग्र, ओशट, सवयीचा दर्प.

भिकाजी मेस्त्री पंप तपासायच्या टेस्ट बेंचसमोर उभा होता. लाँचच्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप त्यावर फिरत होता. सहा काचनळ्यांत सोनसळी डिझेल थेंबाथेंबानं चढत होतं. समतोल, समरेख, एका उंचीच्या सहा बहिणींसारखं. चाळीस वर्षं त्यानं याच समतोलाची आराधना केली होती. आज ती रेघ त्याला पाहवेना.

तीन महिन्यांपूर्वी हरेश्वर तांडेलाच्या 'मत्स्यगंगा' लाँचचा पंप त्यानं असाच बांधला होता. इंजिनानं किती इंधन प्यावं, त्याची मर्यादा राखणारा एक पेच पंपाच्या कुशीत असतो. हरेश्वरनं काहीच मागितलं नव्हतं. पण पलीकडच्या बंदरातल्या मेस्त्र्याच्या लाँची पुढे धावत होत्या, आणि भिकाजीच्या बोटांत अहंकार शिवशिवला. त्यानं पेच सैल केला. अर्धा आटा. फक्त अर्धा आटा. वर शिशाचं सील ठोकलं.

लाँच धावली. फेनधवल लाटा फाडत, काळाभोर धूर उधळत धावली. बंदर म्हणालं, हात असावा तर भिकाजीचा!

मग एका दुपारी, खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या उलट्या ओढीत, जादा डिझेलच्या अति आगीनं पिस्टन वितळला. मुकी झालेली लाँच कातळावर गेली. हरेश्वरच्या धाकट्या भावाचा, जयवंतचा, उजवा पाय लाँच नि कातळाच्या मधे चिरडला. गुडघ्याखाली कापावा लागला.

"मीच इंजिन ताणलं," हरेश्वर ज्याला त्याला सांगे. भिकाजी ऐके, मान खाली, ओठ शिवलेले.

त्या सकाळी त्यानं बेंच बंद केला. हात न पुसताच तो तांडेलांच्या घराकडे निघाला.

अंगणात जयवंत जाळं सांधत होता. हरेश्वर पायरीवर, दाढी वाढलेली, डोळे विझलेले.

"पंपाचा पेच मी सैल केला होता," भिकाजी म्हणाला. "तुला न विचारता. तुझं काही चुकलं नाही, हरेश्वर. पाय माझ्यामुळं गेला."

हरेश्वरनं तोंड ओंजळीत लपवलं. खांदे गदगदू लागले.

जयवंतची सुई थांबली. "पाय गेला तो गेला, मेस्त्री. पण दोन महिने दादा धड जेवला नाही. माझ्याकडे बघतो आणि घास टाकून उठतो. हे दोन महिने तुम्ही कशाला घेतलेत?"



जयवंतनं आत हाक दिली, "वहिनी, दादाला वाढ."

ताट आलं. हरेश्वरनं पहिला घास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. मेस्त्रीला कुणी बस म्हटलं नाही. कुणी जा म्हटलं नाही.

भाताची वाफ चढत राहिली, ऊन चढत राहिलं, आणि अंगणात उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायांशी आखडत, आखडत, आखडत गेली.